फकिराचे फासे

५ डिसेंबर १९९३, रविवार
सिधू हर्सूलच्या तुरुंगात, पण आमचा लढाईचा डाव मोडलेला नाही. माझ्या खोलीत पेटीवरचं प्लायवूड तसंच. मधे नदी म्हणून निळी पट्टी, तिच्यावर पूल, अलीकडे माझं सैन्य, पलीकडे त्याचं. शिपाई सगळे आम्हीच भंगारातल्या नटबोल्टांचे केलेले. फक्त त्याचा फकीर अस्सल, शिशाचा. कंपनीत मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना नियमांच्या पुस्तकासोबत देऊन गेला. डोळेच नाहीत त्याला.
विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला दोघं जाणार होतो. माझी पर्मनंटची ऑर्डर यायचीय म्हणून मी कामावर गेलो. तो गेला, धरला गेला.
त्याची आई, मुक्तामावशी, शेजारच्याच खोलीत राहते. भेटीला निघाली तेव्हा माझी चाल तिच्या तोंडी पाठवली. उत्तर घेऊन आली: “फकिराला पुलामागं ठिव म्हनला. मला काय त्यातलं कळंना, बाबा.”
ठेवला. वाटलंच होतं.

१२ डिसें., रवि.
फकिराने फासे टाकायचे, समोरचा एखादा शिपाई झपाटायचा. झपाटलेला त्याच्या बाजूने लढतो. समोरच्याला एका खेळीत एकदाच तोड करता येते, म्हणजे मंत्र रद्द. सिधूची रीत ठरलेली. आधी किरकोळ मंत्र टाकायचा, मी घाबरून तोड वापरली की मग खरा. कितीदा फसलोय! मी तोड राखून ठेवायला शिकलो, तर हा फकिराला नुसता उभा करून ठेवायला लागला. त्या उभ्या फकिराचीच जास्त धास्ती.
आज मावशी लवकर गेली, चाल सांगायची राहून गेली. ती गेल्यावर मी घोडेस्वार नदीत घातले, खोलीला कुलूप लावून कामावर गेलो. संध्याकाळी मावशी आली.
“घोडी पान्यात कशापायी घातली म्हून इचारत व्हता.”
“तुम्ही खिडकीतून पाहिलं असेल.”
“म्या कधी बगितलं? मी तर तिकडंच व्हते.”

१५ डिसें.
सेकंड शिफ्ट. दिवसभर तेच डोक्यात. मी कायम नदीतून घुसतो, सिधूला ते ठाऊक आहे. त्यावरून ताडलं असेल. एवढंच असेल.

२६ डिसें., रवि.
मुद्दाम वेड्यासारखी चाल केली. सुभेदाराला एकटाच पुलावर आणून उभा केला, वर चादर टाकली, कुणाला सांगितलं नाही. सुभेदार म्हणजे मीच. त्या बोल्टावर सिधूने माझ्यासारखी मिशी रंगवलीय.
मावशी भरलेला डबा तसाच घेऊन परतली. सिधूने आत उपोषण धरलंय. नाव बदलल्याशिवाय अन्न नाही म्हणतो. भेटीलाही आला नाही, उठवत नाही म्हणे. रडली नाही. दाराला टेकून उभी राहिली.
“पुलावर एकलाच हुबा हाय.”
“कोण?”
“मला काय ठावं? त्वांडात आलं.”
चहा ठेवला. दोघांनी बशा खालीच ठेवून प्यायला.

२ जाने. १९९४
ऑर्डर आली. पेढे आणले नाहीत. मावशीला सांगितलं. “बरं झालं लेकरा,” म्हणाली. मग नजर माझ्यावरून काढून भिंतीकडे बघत, “आता झपाटायचं. सुभेदार हिकडं आन.”
सिधू अशी घाई कधी करणार नाही. किरकोळ मंत्र नाही, काही नाही, थेट? मी तोड केली की संपलं. मग हे सांगतंय कोण?
त्याच्या वतीने फासे मलाच टाकायचेत. दोन्ही छक्के पडले तर मंत्र उलटतो. फकीर मरतो, त्याला लागून उभे असतील तेही.
टाकले नाहीत. भीती वाटते.

९ जाने.
सिधूला दवाखान्यात हलवलं. मावशीला लांबून दाखवला. “डोळे मिटल्यात. व्हट तेवढे हलत्यात, कुनाशी बोलल्यासारखे.”
डाव मोडून टाकावा म्हणून चादर काढली. मोडवेना. परत झाकला. हा मोडला तर त्याच्याशी बोलायचं कशातून?

१४ जाने., संक्रांत
विद्यापीठाचं नामांतर झालं. खाली हलगी, निळा गुलाल, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतायत. मावशी सकाळपासून दवाखान्यात. उपोषण सोडायचं तर माणूस शुद्धीवर पाहिजे.
खोलीत एकटाच. चादर काढली. मोठ्याने म्हणालो, “तोड करत नाही मी. घे.”
फासे टाकले. एक प्लायवूडवर थांबला. छक्का. दुसरा घरंगळत पेटीमागे गेला.
वाकून पाहिलेलं नाही. आधी सुभेदाराला पुलावरून उचललं, फकिराला अगदी चिकटून उभं केलं. उलटलंच तर दोघांवर.
जिन्यात मावशीच्या चपला. सावकाश येतेय. पायरीवर थांबली. पुन्हा चढतेय. वही मिटतो.