आईचं बोट

मंगळवार, संध्याकाळ. कळमनुरी.

आज पुन्हा तेच. आईने बाबांच्या तळहातात बोट ठेवलं आणि त्यांनी ते गच्च धरलं. मेंदूत रक्त साकळल्यापासून डोळे उघडे असतात, पण नजर कुणावरच थांबत नाही. फक्त ती मूठ.

आई म्हणाली, "नव्या करडाच्या तोंडात बोट घातलं अन् ते चोखाया लागलं, की जगतंय. ह्यांनी तर गच्च धरलंय." जन्मभर शेळ्या राखल्या तिने. करडाच्या बाबतीत तिचं बराबरच असतं.

आणि मी अकरावीला जीवशास्त्रात शिकवते काय? मेंदूचा खालचा भाग फार जुना. श्वास, गिळणं तो सांभाळतो. ओळख, माया वरच्या नव्या भागात. तो गेला की तान्ह्या लेकराची मूठ परत येते.

आई पाणी आणायला गेली तेव्हा मी त्यांच्या हातात चमचा दिला. तोही तसाच धरला. तसाच गच्च. काहून करून पाहिलं मी हे?

आईने येऊन चमचा काढला, पुन्हा बोट दिलं. "तू तर हेच शिकवून राहिली ना? सांग, जगतील ना हे?"

"व्हय," मी म्हणाले.

खोटं नाही बोलले. जगतील. आई बोट देत राहील, आणि ते चमच्यासारखं धरत राहतील.