रविवारचा फोन

मुलींचं वसतिगृह, दिल्ली
४ ऑगस्ट

ती. विशाखाआत्यास,
सप्रेम जयभीम वि.वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. इथल्या विद्यापीठात 'बैठक' नावाचा एक क्लब आहे. त्यात अर्ज करता येत नाही, जुने सदस्यच बोलावतात. त्यांनी मला उमेदवार म्हणून बोलावलंय. इथं नोकऱ्या द्यायला येणारे निम्मे साहेब याच क्लबचे, त्यामुळे एकदा आत गेलं की पुढची वाट सोपी. उमेदवारांचे फोन क्लबच्या कपाटात राहतात. रविवारी संध्याकाळी घरी एक फोन करायचा, तोही सगळ्यांसमोर, स्पीकरवर. म्हणे आपण सगळे एक कुटुंब!

आत्या, बाबा फोन उचलताच काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. आडनावावरून इथं अजून कुणाला काही कळलेलं नाही. मागच्या वर्षी एका मुलाचं कळलं आणि त्याला पुन्हा बोलावणंच आलं नाही. रागावू नकोस, पण बाबांना सांगशील, नुसतं हॅलो म्हणा? मला ते विचारवत नाही.

माया कमी करू नकोस.
तुझी,
रश्मी

अमरावती
१२ ऑगस्ट

चि. रश्मीस,
जयभीम आणि मंगलकामना.

पत्राच्या माथ्यावर जयभीम लिहितेस आणि खाली तेच गिळायला सांगतेस. संतापानं माझा चहा तसाच राहिला. तरी अकोल्याला जाऊन आले, कारण तू किती अभ्यास करून तिथं पोचलीस ते मी पाहिलंय.

जठारपेठेत तुमच्या घरी पोचले तेव्हा दादा बार्शीटाकळीच्या शाळेतून नुकताच आला होता. ऐकून पाणी प्याला. मग म्हणाला, पोरीचं काम अडत असन तर हॅलो तर हॅलो. वहिनी मात्र उठून आत गेली. जेवताना तोच मला विचारत होता, हॅलोनंतर नमस्कार म्हणू का नको म्हणू.

तब्येत सांभाळ, क्लबाच्या नादात जेवण टाळू नकोस.
तुझी आत्या,
विशाखा

दिल्ली
२५ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि.वि.

फोन नीट पार पडतात. बाबा हॅलो म्हणतात, मग कशी आहेस, अभ्यास कसा चाललाय, असं बातम्या वाचल्यासारखं विचारतात. एकदाही बेटा नाही, आपलं वऱ्हाडी काहून नाही. प्राजक्ता नावाची पुण्याची सीनियर म्हणाली, तुझे बाबा किती सुसंस्कृत वाटतात. मीही हसून घेतलं. पहिली फेरी पार झाली, सप्टेंबरअखेर नावं लागतील. आनंद झालाय गं, पण त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

राग गेला असेल तर दोन ओळी लिही.
तुझी,
रश्मी

अमरावती
८ सप्टेंबर

चि. रश्मीस,
जयभीम आणि मंगलकामना.

सांगायचं टाळत होते. दादा आता सगळ्यांनाच हॅलो म्हणतो. मला, तुझ्या नागसेनकाकाला, विहारातून वंदनेसाठी फोन आला तर त्यांनाही. लोक विचारू लागले, सरांचं काही बिनसलं का. मी खडसावलं तर म्हणाला, सवय मोडली नाई तर रविवारी तोंडातून जयभीम निघून जाईन, पोरीचं नुकसान होईन.

तुझा पहिला निरोप मी नेला. तो मागे घ्यायचा निरोप मी नेणार नाही, रश्मी. तुझं तू बघ.

रागावले तरी तुझीच,
आत्या

दिल्ली
१५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि.वि.

काल आम्ही सगळे उमेदवार क्लबच्या खोलीत बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा नंबर चुकला, पुन्हा लावला. बाबांनी उचलला आणि हॅलो म्हणाले. मी म्हटलं, जयभीम बाबा.

प्राजक्ता मान खाली घालून मोबाईल बघू लागली, एक जण दुसऱ्याकडे बघून हसला. यादीत माझं नाव नसणार हे तेव्हाच कळलं. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू.

तिकडे बाबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, जवळ कोनी नाई ना बेटा. मी म्हटलं, सगळे आहेत बाबा, सगळे ऐकताहेत.

तर म्हणाले, मंग मोठ्यानं म्हण ना, मले नीट आयकू नाई आलं.

तुझीच,
रश्मी