उघडं कार्ड, चिकटवलेलं इनलँड

बाई, तुमच्या पत्रांचं पुस्तक निघतंय. त्यासाठी पुण्याहून एक तरुण संपादक झाशीला आला होता. ऑटोवाल्याने त्याला आधी सगळा सदर बाजार दाखवला आणि मग सीपरी भागात माझ्या दारात सोडलं. एवढ्या मोठ्या गायिकेने इथल्या एका शिष्येला आयुष्यभर पत्रं लिहिली, याचंच त्याला अप्रूप. मी दोन गठ्ठे पुढे ठेवले, एक पोस्टकार्डांचा, एक चिकटवून बंद करायच्या निळ्या इनलँड पत्रांचा. वाचता वाचता त्याचा चेहरा गोंधळला. ग्वाल्हेरची माझी पहिली मैफल ऐकून पुण्याला परतल्यावर तुम्ही एकाच दिवशी दोन पत्रं टाकली होतीत. कार्डावर होतं, "पोरीने यमन असा मांडला की मी घरचा रस्ता विसरले." आणि इनलँडात, "तू तंबोरा ऐकत नव्हतीस, टाळ्या ऐकत होतीस. पुन्हा असं केलंस तर मला तोंड दाखवू नकोस." "यातलं खरं कुठलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही. चहा घ्या, गार होतोय."

त्याने तुमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, त्याला काय कळणार? तुम्ही झाशीत राहायचात तेव्हाचं, लक्ष्मी तलावाजवळचं ते घर. तुम्ही पोळ्या लाटताय, मी पिठाच्या डब्याला टेकून तंबोरा धरलाय, आणि सूर जरा हलला की तुम्ही म्हणता, "दार लोट." बाहेर मे महिन्याची भाजणारी लू, आत शेगडी पेटलेली, तरी दार लोटल्याशिवाय तुम्ही कधी रागावला नाहीत. मग मात्र सालटी काढायचात. कौतुक करायचं झालं की फाटकापर्यंत सोडायला यायचात आणि पलीकडच्या दूधवाल्याला हाक मारायचात, "भैया, आज बिटिया ने क्या गाया है!" पुण्याला जाऊन नावारूपाला आलात, पण ही सवय गेली नाही. कार्ड उघडं, ते पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, माझ्या सासूबाई वाचणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. ग्वाल्हेरच्या त्या कार्डानंतर सासूबाईंनी माझ्या रियाजाच्या वेळी मिक्सर लावणं सोडलं.

संपादकाला इनलँडंच हवी होती. "बाईंचा गोडवा सगळ्यांना माहीत आहे, हा कडकपणा नवीन आहे," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, पण तुम्ही त्यांना डिंक लावला होता. मी कार्डं सगळी दिली आणि इनलँडं कपाटात ठेवली. "मग पुस्तकात बाई अर्ध्याच दिसतील," तो कुरकुरला. "त्या दार लोटून रागवायच्या, एवढं प्रस्तावनेत लिहा. पुऱ्या दिसतील," मी म्हटलं. मला खात्री आहे, तुम्हीही हेच केलं असतंत. मीही तुमचीच रीत चालवते. माझ्या शिकवणीतल्या मुलींना मराठी समजतं, उत्तरं हिंदीत येतात. त्यांचं कौतुक मी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये करते आणि रागवायचं असलं की एकेकीला वेगळा फोन लावते. एक म्हणते, "मैडम, आपका फ़ोन आता है तो मैं पहले कमरे का दरवाज़ा बंद करती हूँ." करू दे की.

पण जाताना त्याने तुमचं शेवटचं कार्ड पुन्हा वाचलं. "प्रकृती उत्तम. मुलींची परीक्षा सोडून येऊ नकोस." म्हणाला, "शेवटपर्यंत किती आनंदी होत्या!" बाई, त्यानंतर महिनाभरात तुम्ही गेलात. कार्डावर तुम्ही तेच लिहिणार, पोस्टमनपुढे रडगाणं गाणाऱ्यातल्या तुम्ही नव्हतात. पण मागून इनलँड येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. दोन ओळी पुरल्या असत्या, मिळेल त्या गाडीने उभ्याने आले असते. मला रागवायला तुमच्याकडे डिंक होता, आणि स्वतःचं दुखणं सांगायला नव्हता? हे मला अजिबात आवडलेलं नाही. पुन्हा असं केलंत तर मला तोंड दाखवू नका.

हे पाकीट चिकटवून तुमच्या इनलँडांतच ठेवते. स्वयंपाकघराचं दार मी लोटून घेतलंय, तरी रडणं बाहेर ऐकू गेलं असावं. सून दोनदा चहा विचारून गेली.