दुसरा रिमोट

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. हातपाय जागेवर आहेत आणि नोकरीही अजून आहे, म्हणजे माझ्या मानाने सगळं फारच ठीक. फोनवर तू जेवलास का, झोपलास का एवढं विचारतेस आणि मी तोंड उघडेपर्यंत दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा मोठा फायदा. बाबांनाही वाचून दाखव. पण शेवटचा भाग आधी तू एकटीने वाच.

मी सध्या धुलाईच्या कारखान्यात आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, डोंगरच्या डोंगर. ओली चादर मोठ्या तापल्या रोलरमध्ये सोडायची, पलीकडून ती कोऱ्या कागदासारखी निघते. मग दोघांनी चार कोपरे धरून घडी घालायची. वाफ एवढी असते की समोरचा माणूस दिसतच नाही. आपण कोपरा ओढला की पलीकडून कोणीतरी ओढतं, तेवढ्यावरून समजायचं की आहे कोणीतरी. पहिले काही दिवस मला वाटायचं आपण ढगातच कामाला लागलोय. तुला खरं वाटणार नाही, पण इथे मी टिकलोय. मुकादम म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे असं ऐकलं होतं, ती काय धुलाईत गेली का? मी म्हटलं, वाळत घातलीय.

इथे बॉयलर सांभाळणारे एक काका आहेत. सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणतात, कारण वाफेची शिट्टी त्यांच्या हातात. शिट्टी झाली की जेवण, शिट्टी झाली की परत काम. त्यांनी घरातला जुना व्हिडिओ गेम आणून जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीला लावलाय. नातवंडांनी म्हणे नाक मुरडलं, हे काय चौकोन चौकोन म्हणून. मी डबा उघडून बसलो होतो आणि मागून ते सूर ऐकू आले. टुक टुक टुक, मग एक लांब सूर, जणू कोणी जांभई देतंय. हातातला घास हातातच राहिला. आपलाच खेळ, ताई. तोच लाल माणूस, तोच निळा माणूस, तीच विहिरींची वाट.

एक गोष्ट तुला आधी सांगतो, कारण त्यावरून आपण किती भांडलोय. आकाश काळं आहे. आपण तो खेळ बाबांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या टीव्हींवरच खेळलो ना. टीव्ही जुळवला की बाबा तपासणीसाठी तो गेम जोडायचे आणि म्हणायचे, या रे परीक्षकांनो, रंग बघा. प्रत्येक टीव्हीचा रंग वेगळा. एकदा आकाश हिरवं, एकदा जांभळं, त्या डॉक्टरीणबाईंच्या टीव्हीवर तर चक्क वांग्यासारखं. तू म्हणायचीस खरं आकाश निळं असणार, मी म्हणायचो जांभळंच. दोघेही हरलो. पण काळं आकाश फार छान दिसतं. ती दोन माणसं त्यात काजव्यांसारखी चालतात.

आता मी तो खेळ रोज जेवणाच्या सुट्टीत खेळतो, आणि लहानपणी फक्त पळत होतो ते आता बघत बघत चालतो. ज्याने हा खेळ बांधला त्याच्याकडे सामान फार थोडं असणार. नीट बघ, डोंगर आणि विहीर हे एकच चित्र आहे. उलटं केलं की डोंगराची विहीर होते. पण त्या माणसाने ते असं मांडलंय की एवढी वर्षं आपल्या लक्षातही आलं नाही. पहिली विहीर अगदी अरुंद, बोट घातलं तर भरेल एवढी. तिथे चुकलं तरी पडत नाही, नुसता पाय अडखळतो. म्हणजे एक अक्षर न लिहिता त्याने सांगितलं की पुढे खड्डे आहेत, उडी शिकून घे. शाळेत मला असं कोणी शिकवलं असतं तर सातवीत दप्तर टाकलं नसतं बहुतेक. वाट इतकी चिंचोळी की दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही. पुढचा पुढेच आणि मागचा मागेच. हे मात्र मला तेव्हाही माहीत होतं, कारण लाल मीच घ्यायचो.

शिट्टीकाकांनी एक दिवस दुसरा रिमोट उचलला आणि म्हणाले, चल, दोघे खेळू. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना नियम सांगितले. म्हटलं, काका, निळा माणूस उडी मारत नाही. विहीर आली की तो आत उतरतो, त्याची एक लाईफ जाते आणि वरून तरंगत तो लालच्या पाठीमागे येतो. त्याचं तसंच असतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, अंगठा दाबला आणि निळा माणूस टुणकन विहिरीपलीकडे.

ताई, मी खुळ्यासारखा बघत राहिलो. निळा माणूस उडी मारतो. लालपेक्षा थोडी उंचच मारतो.

काका म्हणाले, तुमच्या रिमोटचं बटण मेलेलं असणार. मग मला आपल्या दुकानातला तो दुसरा रिमोट आठवला, काळ्या चिकटपट्टीने बांधलेला. त्याच्या आतलं रबर मिळत नाही म्हणून बाबा चुकचुकायचे, ते आठवलं. मी विचारलं होतं तेव्हा तू किती सहज सांगितलंस, निळा उडी मारत नाही, त्याची चालच तशी. बटण मोडलंय असं म्हणाली असतीस तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. तू मोडक्या बटणाचा नियम करून टाकलास, आणि मी तो एवढी वर्षं खिशात घेऊन हिंडलो.

त्यानंतर मी काकांना लाल दिला आणि स्वतः निळा घेतला. उडीचं बटण दाबायचं नाही, तुझ्यासारखं खेळायचं, असं ठरवून. आणि तिथे या खेळाची खरी गंमत कळली. पडदा पुढच्याबरोबर सरकत नाही, मागच्याबरोबर सरकतो. मागचा थांबला की पडदा थांबतो, आणि पुढचा उजव्या कडेला जाऊन काचेला थडकतो. तेव्हा मी ओरडायचो ना, चल की गं, गोगलगाय. पण लाईफ घेणारे ते पक्षी पडदा सरकला की त्या उजव्या कडेतूनच निघतात, थेट पुढच्याच्या नाकावर. म्हणजे मागचा थांबला तर नवीन पक्षी येतच नाहीत. वाट किती उघडायची, कधी उघडायची, हे सगळं मागच्याच्या हातात. मी गडबडलो की तू थांबायचीस. मी दम खाल्ला की तू एक पाऊल टाकायचीस. तुझ्या लाईफ संपल्या की मी एकटा सुसाट सुटायचो आणि पुढच्याच पक्ष्यावर आपटायचो. मग म्हणायचो, मशीन खोटं खेळतंय.

काकांबरोबर मला ते जमेना. मी फार लवकर पुढे यायचो, त्यांच्यावर पक्ष्यांचा पाऊस. ते चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मागे राहायला पुढच्याचा दम ओळखावा लागतो रे."

अजून एक. निळ्याच्या लाईफ संपल्यावर त्याने दुसरं, ते छोटं बटण दाबलं तर लालची एक लाईफ त्याला मिळते. आपल्या रिमोटवर ते बटण चांगलं होतं. तुला ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला तुझा अंगठा आठवतो. तो त्या बटणाच्या शेजारीच असायचा आणि तू रिमोट मांडीवर ठेवून मला म्हणायचीस, जा तू, मी बघते.

गेल्या आठवड्यात आम्ही शेवटाला पोचलो. मी उडीचं बटण दाबायला लागलो आणि हळू चालायला शिकलो तेव्हा कुठे. आपण काय काय ठरवलं होतं, शेवटी महाल असेल, समुद्र असेल, तू म्हणायचीस रेल्वे स्टेशन असेल. तिथे यातलं काही नाही. ज्या घराच्या दारातून दोघे निघतात तेच घर परत येतं, फक्त खिडकीत उजेड आहे. तो जांभईचा सूर वाजतो आणि दुसरी फेरी सुरू होते. दार उघडतं, दोघे बाहेर येतात, पण या वेळी निळा आधी बाहेर पडतो आणि लाल त्याच्या मागे. वाट तीच, चिंचोळी. ओलांडता येत नाही. काकांनी शिट्टी द्यायला उशीर केला, मुकादम येऊन बघतो तर आम्ही दोघे नुसते पडद्याकडे बघत बसलेलो.

आता एकटीने वाच. मावशीने मला फोन केला होता. दवाखान्यांची मशिनं दुरुस्त करायच्या त्या मोठ्या वर्कशॉपमध्ये तुझी निवड झालीय आणि दोन वर्षं तिकडे राहून शिकायचं आहे, हे मला तिच्याकडून कळलं. लकव्याने बाबांचा उजवा हात गेल्यापासून दुकान तूच चालवतेस, आणि त्यांना सोडून कसं जाऊ म्हणून तू नाही म्हणायचं ठरवलंयस, हेही तिनेच सांगितलं. मावशीवर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुलाही माहीत आहे. नकार कळवला नसशील तर कळवू नकोस. मुकादमाला मी सांगून टाकलंय, महिना संपला की काम सोडून घरी येतोय. तू म्हणशील हा भिंगऱ्या किती दिवस टिकणार, आणि तसं म्हणायचा तुला हक्क आहे. मला टीव्हीतलं काही कळत नाही, पण बाबांचा आवाज शाबूत आहे आणि माझे हात. ते सांगतील, मी सोल्डरचा टाका लावीन, चुकलं तर शिव्या खाईन. त्यांना आंघोळ घालायची, जिन्यावरून उतरवायचं, ते मला तुझ्यापेक्षा सोपं जाईल, चादरींनी खांदे चांगले झालेत. तू जा ताई. दमलीस, अडलीस की ते छोटं बटण दाब, या वेळी दाबच. मी मागे आहे. तू जेवढी चालशील तेवढीच वाट उघडीन, घाई करणार नाही.

तुझाच,
भिंगऱ्या