भिक्षेकरी राजाचे सोबती

सर,

तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही, नंतरही नाही. तुमची आठवण आली की आधी किळस येते. मग जरा उशिरानं तुम्ही आठवता, फळ्यापुढचे, बाह्या वर सारलेले. आज सकाळी नववीला मिंग घराणं शिकवलं म्हणून लिहायला बसले. पुस्तकात त्याच्या दोनच ओळी आहेत. तुम्ही आम्हाला शिकवलंत तेव्हा त्या दोन ओळींना चार दिवस लागले होते.

तुम्ही सांगताय, आम्ही ऐकतोय. दुष्काळात आईबाप गेलेला शेतकऱ्याचा पोरगा मठात राहतो, वाडगं घेऊन दारोदार भीक मागतो. बंडखोरांत शिरतो, मंगोलांना हाकलतो, थेट चीनच्या गादीवर बसतो. इथं तुम्ही खडू खाली ठेवता आणि म्हणता, "आता वाईट भाग." गादी मिळाल्यावर राजाला जुने सोबती खुपायला लागतात, कारण त्यांनी त्याला वाडग्यासकट पाहिलेलं असतं. एकेकावर आरोप ठेवून तो त्यांना संपवतो, घरादारासकट. कितीतरी पिढ्यांनी त्याच घराण्याचा शेवटचा राजा दरबाराची घंटा वाजवतो, तर एकही मंत्री येत नाही. महालामागच्या टेकडीवर जाऊन तो गळफास घेतो. "पहिला सोबती मारला, तिथूनच घराणं बुडायला लागलं, पोरांनो." हे वाक्य मी लाल शाईनं वहीत उतरवलं होतं. तुम्ही तेव्हा मला देवासारखे वाटायचात, याचीही आता लाज वाटते.

शाळा तुम्ही आणि ड्रिलच्या सरांनी उभी केली, हे गावाला पाठ होतं. असोद्याच्या पलीकडं आमच्या गावात सातवीपुढं काहीच नव्हतं. तुम्ही दोघं मळ्यामळ्यात जाऊन दर बागेमागं केळीचा एक घड मागायचात. वर्गणी मागायला लाज वाटते, घड मागायला वाटत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. घड खांद्यावरून बैलगाडीत टाकायचं काम ड्रिलच्या सरांचं. गाडी सावद्याच्या केळीबाजाराला जायची आणि येताना छपराचे पत्रे घेऊन यायची. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही. त्यांच्या एकूणएक सदऱ्यांचा डावा खांदा काळा होता. पोरं त्यावर हसली की तुम्ही उठाबशा काढायला लावायचात.

नव्वदच्या सुमारास मी त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले, तोवर तुम्ही संस्थेचे अध्यक्ष झाला होतात. तोंडात पान ठेवून बोलायचात, अर्धं वाक्य समोरचाच पुरं करायचा. तुमची पिकदाणी धरायला शिक्षकांत चढाओढ लागायची. शिसारी येते सर, पण तीही मी एकदा धरलेली आहे. सुरुवातीच्या दिवसांतली माणसं एकेक करून घरी गेली. गरज सरो, वैद्य मरो. उरले ड्रिलचे सर. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर तुम्हाला मुलाला बसवायचं होतं, आणि ड्रिलचे सर भरल्या बैठकीत त्याच्याकडं बोट करून सगळ्यांदेखत बोलून गेले, "घड मांगाले हाऊ व्हता का?" कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही हसला नाहीत.

त्याच हिवाळ्यात खो-खोच्या सामन्यांसाठी आम्ही मुलींना घेऊन धुळ्याला गेलो, ड्रिलचे सर आणि मी. एक मुलगी तापानं फणफणली. तिला रिक्षात घालून ते दवाखान्यात घेऊन गेले, दुपारभर तिच्या उशाशी बसले. मैदानावर संघाजवळ मी थांबले. संध्याकाळी ते मुलीला घेऊन परतले तेव्हा हातात मोसंब्यांची पिशवी होती. आठवड्यानं तुम्ही मला बोलावून म्हणालात, "दुपारभर ते मैदानावर नव्हते, एवढं लिहून दे. खरं तेच लिही." महिन्याभरात त्यांना घालवलंत, मुलींना वाऱ्यावर सोडून दारू प्यायला गेले म्हणून. आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस. शाळेच्या फाटकाशी त्यांनी मला थांबवलं. "पोरी, तुले ते बठ्ठं माहीत शे ना?" सगळं माहीत होतं, तरी मी मान हलवली ती धड हो अशी नाही, धड नाही अशीही नाही. ते दोंडाईचाला भावाकडं निघून गेले.

पुढं तुमचा मुलगा आणि जावई भांडले, शाळेला दोघांची दोन कुलुपं लागली, पोरं जळगावच्या शाळांत पांगली. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा कुणी फिरकलं नाही. मला बरं वाटलं. वाजवा म्हटलं आता घंटा. माझी नोकरी मात्र कायम झाली होती, मला दुसऱ्या शाळेत सामावून घेतलं आणि ती टिकली. तुम्ही एका सज्जन माणसावर दारूचा डाग लावलात, हे मी इतकी वर्षं चारचौघांत सांगत आले. सांगताना माझा आवाज चढतो.

आज वर्गात एक मुलगी उभी राहिली. "बाई, राजा तं भीक मांगे, त्याले कुठं लिहिता ये? मंग हे आरोप कोन लिहून दे?" मी म्हटलं, कारकून लिहायचे, राजा सांगेल तेच त्यांना लिहावं लागायचं, बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. ती बसली. मला पुढं शिकवता येईना.

हे पत्र तुम्हाला लिहितेय ते तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच. दोंडाईचाला पोचेल असं मला आजवर लिहिता आलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तेवढंच मी लिहिलं असतं, तर कागदावर एकच ओळ असती, आणि ती खरी असती. परतले तेव्हा त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, ही ओळ तुम्ही सांगितली नव्हती. मला कायम व्हायची घाई होती, वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही कागद वाचलात, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलंत आणि विचारलंत, "नक्की?"

मी हो म्हणाले.