जाळीवरची चिकटपट्टी

प्रिय धाकट्या,

बाथरूमच्या जाळीवरची चिकटपट्टी तुझी नव्हती. अग्निशमन दलाचे तपास अधिकारी आज घरी येऊन तसं सांगून गेले. तुझी निळी असते, डाग न ठेवता निघते. ही खाकी, खोकी बंद करायची. आणि तिचं टोक आत दुमडलेलं होतं. पट्टीचं टोक पुन्हा सापडत नाही म्हणून आपल्यावर ओरडत ते कोण दुमडायचं, हे तुला वेगळं सांगायला नको.

तू कामावरचा तो मोठा पंखा दारात बसवून आपल्या घराची हवेची गळती तपासलीस, तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. धुराची कांडी घेऊन तू खिडक्यांच्या फटी शोधत होतास आणि बाबा मागे मागे. 'काय डॉक्टर, घराला ताप आहे का?' म्हणून तुझी टर उडवत होते. नको तिथून किती हवा गळते तेवढंच मोजायचं, म्हणून मोजणीपुरती तू ती जाळी झाकलीस. नंतर पट्टी काढलीस आणि बजावलंस, की ही कायम उघडी ठेवा, गॅसच्या गीझरला हवा लागते. बाबांनी मान डोलावली. पण त्यांच्या डोक्यात राहिलं ते एकच: तू तपासलेल्या घरांत आपलं घर सर्वांत कमी गळतं. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगत सुटले होते.

बाबा आत गुदमरून गेले त्या दिवशी बाथरूमचं दार तूच मोडलंस. तेव्हापासून सगळ्यांना सांगतोयस, की पट्टी काढायला मीच विसरलो. तू ती काढताना मी पाहिलं होतं, तरी तुझं ऐकून ऐकून मलाही खात्री वाटेनाशी झाली.

आज अधिकारी गेल्यावर आई म्हणाली, स्टूल मी धरलं होतं. थंडीत त्या जाळीतून वारा यायचा. बाबा म्हणाले, अशाने पोराचा आकडा खोटा पडतोय. वर चढले, पट्टी लावली, आणि तिला म्हणाले, त्याला सांगू नकोस, उगाच रागावेल. ती अजूनही ते पाळत होती.

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या स्वतःच्या दाराखाली बोटभर फट आहे हे नशीब, तिथूनच हे पत्र आत सरकवतेय. उद्या सकाळी तुझा जबाब आहे. विसरलो म्हणून सही करायला निघाला असशील, तर थांब. तुझ्याआधी आई बोलणार आहे, मी नको म्हटलं तरी ती ऐकायला तयार नाही. सगळं सांगून झालं की ती तुझ्याकडे बघेल. तेव्हा मान खाली घालू नकोस.

तुझीच,
ताई