पेज प्यालेलं मशीन

ओट्टप्पालम,
रविवार, संध्याकाळ

ती. दामोदरेट्टन यांना,
भार्गवनचा नमस्कार. (सुभद्राचे थोरले भाऊ ते माझेही एट्टन. वयाने मी सात महिन्यांनी मोठा आहे, पण ज्याची बहीण केली त्याच्यापुढे वय काढू नये.) तुमचा खोकला उतरला असेल, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील अशी आशा. आम्ही दोघे खुशाल आहोत आणि आमच्याच घरात आहोत. हे लिहिताना मला किती हायसं वाटतंय ते पुढे वाचलंत की कळेल.

सुभद्रा विहिरीच्या पायरीवर घसरून मनगट मोडून बसली, तेव्हाच बंगळूरहून आमच्या लेकीचं, रेमाचं, फर्मान निघालं. "घर बंद करा आणि माझ्याकडे या. अच्छनला स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही!" हा बापाचा उद्धार. पंधराव्या मजल्यावर राहते ती. तिथे माणसाने नेसायचा मुंडू वाळत घालावा तर तो तिसऱ्या मजल्यावर सापडतो. मी पुष्कळ हुज्जत घातली, तेव्हा ठरलं असं, की आजच्या रविवारी ती येऊन पाहणार. घर नीट चाललेलं दिसलं तर राहा, नाहीतर सामान बांधा. तुमचा भाचीवर फार जीव आहे म्हणून जास्त लिहीत नाही, पण ती तुमच्या आईवर गेली आहे.

तर शुक्रवारी सुभद्रा देवळात गेली होती. रेमानेच घेऊन दिलेल्या मशीनमध्ये मी चार मुंडू धुतले. आता राहिली खळ. सुभद्रा चाळीस वर्षं पेजेच्या पाण्यात मुंडू बुडवते आणि पिळते. माझ्या मनात आलं, पिळायचं काम मशीन करतंच आहे, मग पेजही त्यालाच का देऊ नये? आपल्या लाल उकड्या तांदळाची दोन तांबे पेज आत ओतली आणि दार लावलं. गाळली नाही. (गाळायची असते हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही म्हणा.) मशीन पाचेक मिनिटं फिरलं, कण्हलं आणि थांबलं. आत गढूळ पाणी आणि त्यात माझे मुंडू. पाणी जाईना म्हणून पिळेना, आणि पाणी आहे तोवर दार उघडेना. जमीन मोजणीच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे अडवणूक मला लगेच ओळखू येते.

शेवटी शेजारच्या औसेपला हाक मारली. (दूध सोसायटीतला निवृत्त कारकून. त्याला सगळं येतं, आणि ते तो सांगतोही.) "भार्गवेट्टा, आधी नळी बघू," म्हणाला. नळी मागे मुरगळली होती, ती सरळ केली. चमचाभर पाणी आलं. मग बटण बंद करून त्याने खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं. आत फिल्टर. "परात आणा," म्हणाला. मी परातीसाठी वळतो न वळतो तोच पठ्ठ्याने फिल्टर पुरता फिरवून काढला. एट्टा, स्वयंपाकघरात होड्यांची शर्यत भरवता आली असती. आणि फिल्टरमध्ये दोन मुठी भात! "चटणी असेल तर काढा, जेवूनच जातो," औसेप म्हणाला. मला रडू येत होतं, आणि हा भात बोटाने चाचपून शिजलाय का बघत होता.

पाणी गेलं, तरी पिळायला लावलं की मशीन दोन गचके खाऊन थांबे. दार उघडून पाहिलं तर चारही मुंडू एकमेकांना वेढे घालून, काथ्याचा दोर होऊन एका अंगाला बसलेले. सगळा भार एकीकडे, मग फिरेल कसं? सोडवले, झटकले, दोन-दोन करून घातले. मशीनने घरघरत वेग घेतला, मोरीत धो धो पाणी पडलं, आणि माझ्याही डोळ्यांतून आलं. खोटं कशाला सांगू?

आज रेमा येऊन गेली. डबे उघडले, खिडकीवर बोट फिरवलं, मशीन स्वतः लावून पाहिलं. पाणी गेलं, कपडे पिळले गेले. "बरं, विषूच्या सणापर्यंत राहा," म्हणाली. मी अंगणात जाऊन उगाच फणसाला पाणी घातलं.

तुमचा,
भार्गवन

ता. क. : रेमाचा फोन आला तर भाताचं नाव काढू नका. औसेपला बजावलं आहे, पण त्याच्या बायकोला कळलं आहे, म्हणजे चर्चमध्ये कळलंच.

ता. क. दुसरा : पत्राचं खरं कारण हे. सुभद्राचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात, पण तिला अजून तांब्या उचलवत नाही. खुर्चीवर बसून सांगते आणि मी करतो. मला फार काळजी वाटते. तुमच्या ओळखीच्या वैद्यांकडचं तेल पाठवा. तिला कळू देऊ नका. पाकीट पेटीत टाकायला तिच्याकडेच देतो आहे, पण घट्ट चिकटवलं आहे.

एट्टा, मी सुभद्रा. पाकीट वाफेवर उघडलं. माझा हात ठणठणीत आहे. पायरीवर पडले तेव्हा पहिलं हेच मनात आलं, की मी गेले तर रेमा यांना पंधराव्या मजल्यावर नेऊन बसवील आणि यांच्याने नाही म्हणवणार नाही. यांना चहा यायला लागला, भात यायला लागला, आता मशीनही आलं. सांबार तेवढं राहिलं आहे. तोवर तेल पाठवू नका.